जुईला कात्री लावायला घाबरू नका

पुण्यात सहकारनगरच्या आमच्या घराच्या कुंपणावर जुई आहे, सासूबाईंच्या हातची. त्या गेल्यावर दोन वर्षं मी तिला कात्री लावलीच नाही. त्यांनी वाढवलेली वेल माझ्याच्यानं कापवेना. आत वाळक्या काटक्यांचं जाळं झालं आणि फुलं गेली पार वर, हात पुरणार नाही तिथे. जुई नव्या फुटीवर फुलते, जुन्या काडीवर नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता जानेवारीअखेर एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून आले, की छाटणी करते. आधी आठ-दहा दिवस पाणी तोडायचं. मग जमिनीपासून दीड-दोन फूट ठेवून वेल सरळ कापायची, वाळकी काडी मुळाशी काढायची. बोडकी वेल बघून जीव हळहळतो, पण कापाच. लगेच आळं उकरून दोन घमेली शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड घालून भरपूर पाणी द्या. फूट आली की सुतळीनं तारेवर आडवी बांधा. सरळ वर जाऊ दिली तर पुन्हा शेंड्यालाच फुलते.

ऊन मात्र चार-पाच तास हवंच. आपल्याकडच्या काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून लावताना खड्ड्याच्या तळाशी विटांचे तुकडे आणि मातीत वाळू घाला.

रोप घेताना पान हातात घेऊन बघा. जुईचं मधलं पान मोठं, आणि देठाशी दोन्ही बाजूंना कानांसारखी इवली पानं. जाईची पानं पिसासारखी जोडीजोडीनं असतात, कळीवर गुलाबी छटा असते. ओळखीत कुणाकडे वेल असेल तर विकत घेऊच नका. पावसाळ्यात खालची फांदी वाकवून, साल थोडी खरवडून तिथे मातीत दाबा, वर दगड ठेवा. दोन-तीन महिन्यांत मुळं धरतात.

पावसाळाभर बहर असतो. कळ्या चारच्या सुमारास काढाव्यात, टपोऱ्या पण मिटलेल्या. घोस ओढू नका, त्यात उद्याच्या बारक्या कळ्या असतात. एकेक कळी नखानं खुडायची आणि ओल्या फडक्यात ठेवायची, दिवेलागणीला उमलतात.