अळंबीवरच्या चिलटांची जात ओळखायची कशी

मृग बरसला की बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे कुजक्या ओंडक्यांवर अळंबी फुटते आणि तिच्याभोवती काळपट चिलटं घिरट्या घालू लागतात. माझ्या धिंगरी अळंबीच्या शेडमध्ये पेंढ्याच्या बेडवरही ती येतात. शेडमधल्यांची अळी पीक खाते, म्हणून मी ती बघायला लागले. आता रानातल्यांचाच जास्त नाद लागलाय.

पिवळ्या चिकट कागदावर चिलटं भरपूर मिळतात, पण त्यांचे अवयव मोडतात आणि ती कशावर वाढली तेही कळत नाही. म्हणून मी ती वाढवून घेते. रुंद तोंडाच्या बरणीत दोन बोटं ओली वाळू घाला, वर अळंबी ठेवा, तोंडाला मलमल बांधा. एका बरणीत एकाच प्रकारची अळंबी ठेवा आणि बरणीत घालण्याआधी तिचा खालून-वरून फोटो काढा. पांढुरक्या, काळ्या डोक्याच्या अळ्या वाळूत उतरून कोष करतात. साधारण दोन-तीन आठवड्यांत चिलटं बाहेर येतात आणि उजेडाच्या बाजूला जमतात. ती ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये घ्या. डीएनए बघायचा असेल तर काही ९५ टक्क्यांत घालून फ्रीजरला ठेवा.

चिठ्ठी कुपीच्या आतच टाका आणि पेन्सिलीने लिहा, बॉलपेनची शाई अल्कोहोलात उतरते. गाव, तालुका, तारीख, अळंबी, कुठल्या झाडाचं लाकूड, गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेला कीटक कितीही देखणा असला तरी अभ्यासाला फारसा उपयोगी नाही.

आता कुळ (एका कुळात अनेक प्रजाती आणि एका प्रजातीत अनेक जाती येतात). दहापट भिंगाखाली पाठीला पोक आणि पायाचा अंगाजवळचा सांधा लांब दिसला तर तुम्ही योग्य गटात आहात. दोन्ही डोळे मिशांच्या वर अरुंद पुलाने जोडलेले असतील तर बहुधा सायरिडी, शेडमध्ये सापडतात ती बहुतेक हीच. पूल नसेल आणि पायांवर राठ केस असतील तर मायसेटोफिलिडी असण्याची शक्यता मोठी. ओंडक्याखाली चिकट धाग्यांच्या जाळ्यात अळी लोंबत असेल तर केरोप्लॅटिडी कुळ तपासून बघा.

जात मात्र नराच्या पोटाच्या टोकाला दडलेली असते, आणि इथे घाई नको. टोक वेगळं करून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा (हातमोजे घालूनच, हे द्रावण कातडी भाजतं). मग पाण्याने धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. टोकाला जननांगाची चिमट्यासारखी जोडी दिसेल. तिचा आकार, आतले काटे, त्यांची संख्या आणि जागा यांचं चित्र काढा. फोटो असला तरी काढाच. हाताने काढताना नजर थांबते आणि एखादा जास्तीचा काटा तेव्हाच दिसतो. त्याच बरणीतल्या माद्या टाकू नका. बऱ्याच प्रजातींत मादीवरून जात सांगता येत नाही, पण जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या सीओआय या जनुकाच्या, डीएनएच्या ६५८ अक्षरांच्या तुकड्यावरून नर, मादी आणि अळी यांची जोडी लावता येते.

चित्र कुठल्याच वर्णनाशी जुळलं नाही, तरी लगेच नवी जात म्हणू नका. आधी त्या प्रजातीची सगळी छापील वर्णनं आणि जमेल तिथे मूळ नमुने ताडून बघा. खरंच नवी निघाली तर एक नमुना नामधारक (नव्या नावाचा कायमचा आधार) ठरवून वर्णन छापावं लागतं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नमुना नेमलेल्या संस्थेत जमाही करावा लागतो. प्राण्यांसाठी कोलकात्याची झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया आहे. भीमगड अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय काही उचलू नका. परसातला कुजका फणस, काजूचा ओंडका, धिंगरीचा जुना बेड, सुरुवात तिथून करा.