मी फक्त एक वेलांटी बदलली होती

ऑक्टोबर २०२३ चा पहिला आठवडा. त्या रिलीजमध्ये माझं काम एवढंच, की पावतीवरच्या एका शब्दातली ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करायची. टेस्ट हिरव्या, रिव्ह्यू दोन मिनिटांत. संध्याकाळी साडेसहाला इमेज (ॲप आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररींचं एकत्र गाठोडं) सर्व्हरवर चढली आणि ॲप उठेचना. लॉगच्या तळाशी एकच तक्रार: वर्कझ्यूग नावाच्या लायब्ररीतून यूआरएल-कोट हे फंक्शन इम्पोर्ट होत नाही.

"काय काय बदललंस?" टीम लीडनं विचारलं.

"एक वेलांटी."

ती हसली नाही. मला तर वर्कझ्यूग हे नावच पहिल्यांदा भेटत होतं.

शोधत शोधत नऊ वाजले. रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये, म्हणजे ॲपला लागणाऱ्या लायब्ररींच्या यादीत, आम्ही फ्लास्क (आमचं ॲप ज्याच्यावर उभं होतं ते पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) २.२.२ पक्कं ठोकून ठेवलं होतं. पण फ्लास्कला स्वतःला वर्कझ्यूग लागतं, आणि त्याची अट होती '२.२.२ किंवा त्यापुढचं कुठलंही'. ३० सप्टेंबरला वर्कझ्यूग ३.० आलं, त्यात ते फंक्शन काढून टाकलेलं. टेस्ट ज्या मशीनवर चालायच्या तिथं जुनं एन्व्हायर्नमेंट कॅशमध्ये पडून होतं. रिलीजची इमेज मात्र दर वेळी कोरी बनायची. तपासलं एक, पाठवलं दुसरंच. वर्कझ्यूग ३ च्या खालीच ठेवा, अशी एक ओळ टाकली आणि ॲप चालू झालं.

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. वर्कझ्यूग २.३ एप्रिलपासून बजावत होतं, की हे फंक्शन जाणार आहे. टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टच्या शेवटी येणाऱ्या त्या पिवळ्या ओळी मी रोज बघायचो आणि न वाचताच टर्मिनल साफ करायचो.

म्हणून नव्यानं नोकरीला लागलेल्यांना 'रिलीजच्या तोंडावर अपग्रेड करू नका' एवढंच सांगणं मला पुरेसं वाटत नाही. आम्ही केलंच नव्हतं, ते आपोआप झालं. आधी आपल्या इमेजमध्ये नेमकं काय आहे ते बघा. पायथॉनमध्ये पिप फ्रीझ चालवा, बसवलेल्या सगळ्या लायब्ररी आवृत्तीसकट दिसतील. दहा नावांची फाइल असेल तर यादी साठ ओळींची निघाली तरी दचकू नका. ती सगळी यादी लॉक फाइलमध्ये (प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती पक्की करणारी फाइल) बांधा, टेस्ट आणि रिलीज दोन्ही त्याच फाइलवरून होऊ द्या. नोडवाल्यांनो, बिल्डमध्ये एनपीएम इन्स्टॉल नको, एनपीएम सीआय वापरा. लॉक फाइल जुळली नाही तर ते तिथंच थांबतं.

एकदा हे झालं, की अपग्रेड हा खरोखर आपला निर्णय उरतो. मग मी विचारतो: हे आठवडाभर घेतलं नाही तर काय बिघडेल? बहुतेक वेळा उत्तर 'काही नाही' असतं. मग रिलीजनंतरच्या सोमवारी, स्वतंत्र बदल म्हणून. लॉगफोरजे या जावामधल्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीची गोष्ट वेगळी होती. डिसेंबर २०२१ मध्ये कळलं, की बाहेरून आलेला मजकूर नुसता लॉगमध्ये लिहिला गेला तरी हल्लेखोर सर्व्हरवर आपला कोड चालवू शकतो. तिथं रिलीज बाजूला ठेवून त्याच रात्री अपग्रेड करायचं. पण तेही एकदा करून भागलं नाही: २.१५.० मधली दुरुस्ती अपुरी निघाली, आणि त्याच महिन्यात २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ आल्या.

उलट बाजूही आहे. मार्च २०२४ मध्ये फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं, तेही एका इंजिनिअरला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद हळू वाटलं म्हणून. डेबियन लिनक्सची स्टेबल आवृत्ती वाचली, कारण तिच्यात जुनंच एक्सझेड होतं. आणि आवृत्तीचा फक्त शेवटचा आकडाच बदललाय म्हणून निर्धास्त होऊ नका. जानेवारी २०२२ मध्ये 'कलर्स' या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या १.४.१ मध्ये खुद्द तिच्या लेखकानंच कधीही न संपणारं लूप घातलं होतं.

आणखी एक प्रश्न मी फार उशिरा शिकलो: परत फिरता येईल का? कोड मागं घ्यायला पाच मिनिटं पुरतात. पण नव्या आवृत्तीनं टेबलाची रचना बदलली असेल, किंवा कॅशमध्ये जुन्या आवृत्तीला न वाचता येणारं काही लिहून ठेवलं असेल, तर कोड मागं घेऊन उपयोग नाही. असं अपग्रेड मी रिलीजच्या आठवड्यात घेत नाही, मग मॅनेजर कितीही म्हणोत 'छोटंच तर आहे'.

चेंजलॉग, म्हणजे नव्या आवृत्तीतल्या बदलांची यादी, पूर्ण वाचायला वेळ नसेल तर त्यात 'रिमूव्ह्ड' शोधा, आणि तिथली नावं आपल्या कोडमध्ये आणि लॉक फाइलमधल्या लायब्ररींमध्ये आहेत का ते बघा. अर्धा तास जातो.

वर्कझ्यूगच्या त्या ओळीशेजारी लीडनं मला कॉमेंट लिहायला लावली होती: का टाकली, कुणी टाकली, कधी काढायची. शेवटच्या जागी मी 'डिसेंबर' लिहिलं. फ्लास्क ३ वर गेलो तेव्हा, जानेवारीत, ती काढली.