पल्पर पाठवताना: आधी कागद, मग लाकूड

शिरोलीतल्या आमच्या शेडमधून आंब्याचा पल्पर, म्हणजे गर काढायचं यंत्र, दुबईला निघायचा असला की मी आधी कस्टमच्या कागदांवर लागणारा मालाचा कोड (एचएस कोड) बघतो. फळं-भाज्यांच्या यंत्रांना ८४३८, रस काढायच्या प्रेसला ८४३५, पिठाच्या गिरणीला ८४३७. तेलघाणा मात्र ८४७९ मध्ये जातो, तिथं बरेच जण फसतात. बिलावर नुसतं ‘मशिनरी’ लिहू नका. यंत्राचं नाव, काम, मोटरची ताकद सगळं लिहा.

अख्खा कंटेनर नसेल तर भाडं घनमीटर किंवा टन, जे जास्त भरेल त्यावर लागतं. म्हणून हॉपर (फळं ओतायचं वरचं नरसाळं) सोडवून क्रेटमध्येच आडवा ठेवा. उंची घटली की पैसे वाचतात.

गिअरबॉक्सचं तेल काढूनच पॅकिंगला हात घाला. एकदा मी आळस केला. तेल झिरपत झिरपत चाळणीपर्यंत गेलं; गिऱ्हाइकानं पाठवलेला तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. धुतलेलं स्टेनलेस रात्रभर वाळू द्या, नाहीतर प्लॅस्टिकच्या आत घाम धरतो. सिलिका जेलच्या पिशव्या मोकळ्या हातानं टाका.

मशीन तळाच्या लाकडाला बोल्टनं आवळा, खिळ्यांनी नव्हे. लाकूड कीड मारायला उष्णता दिलेलंच हवं: गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं, वर त्याची खूण म्हणून कणसाचा शिक्का. पूर्ण प्लायवूडच्या पेटीला ही अट नाही.

मोटरची बाजू जड असते. फोर्कलिफ्टवाल्याला दिसेल असा वजनाच्या मध्याचा बाण लाल रंगानं काढा, चारही बाजूंना.