सायकलला सामानाचा ट्रेलर लावायचाय? तो कसा निवडावा

दर रविवारी सकाळी मी पुण्याच्या मार्केट यार्डातून आमची आणि शेजारच्या चार घरांची आठवड्याची भाजी आणतो. कोथरूडपर्यंत सात-आठ किलोमीटरचं अंतर. दोन क्रेट भाजी, वर पालेभाजीच्या जुड्या, कधी गच्चीतल्या बागेसाठी गांडूळखताचं पोतं. हे सगळं सायकलमागच्या दोनचाकी ट्रेलरमधून येतं. सिग्नलला थांबलो की शेजारचा स्कूटरवाला विचारतोच, "किती किलो ओढतो हो हा?"

ट्रेलर घेणाऱ्यानं मात्र आधी वेगळा प्रश्न विचारावा: भरलेला ट्रेलर मागे असताना मला थांबता येईल का? ओढण्याचं काम पाय करतात आणि पाय दमले तर उतरून ढकलता येतं. उतारावर ब्रेक कमी पडला तर काहीच करता येत नाही. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या मी थांबण्याच्या अंगानं लिहिल्या आहेत.

१. सामान काट्यावर ठेवा

अंदाज करू नका, तो नेहमी कमीच निघतो. पाण्याचा २० लिटरचा जार म्हणजे पाण्याचेच २० किलो. घरगुती गॅसच्या टाकीत गॅस १४.२ किलो असतो, पण टाकीसकट ती ३० किलोच्या आसपास भरते. सिमेंटची गोणी ५० किलोची. घरच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग सामान उचलून उभे राहा आणि वजाबाकी करा. महिनाभर जे-जे आणता त्याची अशी वजनं लिहून काढा.

नेहमीचं ओझं १५-२० किलोच्या आतलं निघालं तर ट्रेलर घेऊच नका. दणकट कॅरिअर आणि दोन बाजूंना दोन पिशव्या पुरतात, शिवाय गर्दीतून सायकल सहज निघते. २० ते ५० किलो, किंवा वजनानं हलकं पण आकारानं अवघड सामान असेल तर ट्रेलरला तोड नाही. रोजच ७०-८० किलोच्या वर न्यायचं असेल तर मालवाहू तीनचाकी बघा. तेवढं ओझं साध्या सायकलच्या ब्रेकवर सोपवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

२. एक चाक की दोन?

एकचाकी ट्रेलर सायकलच्याच रेषेत चालतो. मागचं चाक जिथून गेलं तिथूनच तो जातो, त्यामुळे अरुंद वाट आणि लांबचा प्रवास त्याला मानवतो. पण सायकल कलली की तोही कलतो आणि त्याचं ओझं तुमच्या मागच्या चाकावर येतं. उभा करून सामान भरणंही जिकिरीचं. अमेरिकेतला प्रसिद्ध 'बॉब याक' याच जातीचा, त्याची मर्यादा ३२ किलोची.

दोनचाकी ट्रेलर स्वतःच्या पायावर उभा राहतो. सायकल सोडवून हातगाडीसारखा थेट दुकानात नेता येतो. 'बर्ली'चा नोमॅड ४५ किलो घेतो. जर्मनीचा 'कार्ला कार्गो' तीनचाकी आहे आणि १५० किलोपर्यंत जातो. पण त्याला स्वतःचा ब्रेक असतो हे विसरू नका: सायकल हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानंच त्याचा ब्रेक लागतो. परदेशात राहणाऱ्या वाचकांना असे ट्रेलर तयार मिळतील. इथे बहुतेकांना ट्रेलर वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावा लागतो, आणि नीट सांगून करून घेतला तर तो उत्तम होतो.

भाजी, पोती, क्रेट यांसाठी मी दोनचाकीच सुचवेन. त्याचा एक दोष मात्र लक्षात ठेवा. वळताना तो सायकलपेक्षा आतून वळतो. कोपऱ्यावर फुटपाथच्या कडेला आतलं चाक चढलं की भरलेला ट्रेलर कलंडू शकतो, म्हणून वळण मोठं घ्यावं.

३. माप घ्या, तेही फाटकापासून

सोसायटीच्या लहान फाटकाची रुंदी मोजा, जिथे ट्रेलर ठेवणार ती जागा मोजा, मग सामान मोजा. माझी क्रेट ५४ सेंटिमीटर लांब आणि ३६ रुंद आहे. दोन क्रेट शेजारी-शेजारी उभ्या ठेवल्या असत्या तर तळच ७२ सेंटिमीटर रुंद झाला असता आणि चाकं धरून एकूण रुंदी मीटरच्या घरात गेली असती. त्याच क्रेट आडव्या करून एकामागे एक ठेवल्या आणि तळ ५६ बाय ७४ मध्ये बसला. बाहेरून एकूण ८० सेंटिमीटर. फाटकातून दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर सोडून ट्रेलर आत येतो. क्रेट नुसती फिरवण्यानं एवढा फरक पडला.

तळ जमेल तितका खाली घ्या. ओझं चाकाच्या आसाच्या पातळीवर किंवा त्याखाली असेल तर ट्रेलर सहसा कलंडत नाही.

४. जोड: इथे घाई नको

ट्रेलर सायकलला कुठे जोडायचा याचे तीन पर्याय लोक सांगतात.

कॅरिअरला जोडणं हा पहिला. तो करू नका. कॅरिअर वरून येणारं वजन पेलायला असतो, मागून बसणारे हिसके त्याचे बारीक स्क्रू फार दिवस सोसत नाहीत.

दुसरा सीटच्या दांड्याला. बसवायला सोपा, पण जोड उंचावर असल्यानं ब्रेक मारताना ट्रेलरचा रेटा सायकलला वरच्या बाजूनं बसतो आणि मागचं चाक हलकं पडतं. हलक्या ओझ्यापुरतं ठीक. 'बर्ली'चा ट्रॅव्हॉय असाच जोडतात, त्याची मर्यादा २७ किलोची आहे.

तिसरा मागच्या चाकाच्या आसाला, डाव्या बाजूनं, कारण उजवीकडे चेन असते. मी हाच वापरतो. आसाच्या नटाखाली एक जाड लोखंडी पट्टी बसते आणि ट्रेलरचा दांडा तिला येऊन मिळतो. पट्टी बसवल्यावर नट नीट बघा. नटाचे सगळे आटे आसावर चढलेले हवेत आणि आसाचं टोक नटाबाहेर थोडं दिसायला हवं. माझ्या सायकलला ते दिसत नव्हतं, नट अर्धाच बसला होता. सायकलवाल्यानं लांब आस टाकून दिला, मगच पट्टी लावली. क्विक रिलीज (पान्याशिवाय, कळ फिरवून चाक सुटतं तो दांडा) असेल तर त्याऐवजी ट्रेलरसाठीचा खास लांब दांडा लागतो. मागच्या चाकात मोटर असलेल्या ई-सायकलला अशी पट्टी लावण्याआधी सायकल बनवणाऱ्यांना विचाराच.

जोड तीन दिशांना मोकळा हवा: गतिरोधकासाठी वर-खाली, वळणासाठी डावी-उजवीकडे, आणि स्वतःभोवती पिळता येईल असा. तपासायची युक्ती सोपी आहे. दुकानातच ट्रेलर जोडा आणि सायकल हळूच जमिनीवर आडवी करा. ट्रेलर उभाच राहिला पाहिजे. तोही कलंडला तर जोड बदलून मागा, कारण रस्त्यावर तुम्ही घसरलात की अख्खं ओझं अंगावर येईल.

पिन कुठलीही असो, तिला सुटू न देणारी कडी हवी. शिवाय जोड तुटलाच तर ट्रेलर भरकटू नये म्हणून दांड्यापासून सायकलच्या फ्रेमपर्यंत एक जाड पट्टा किंवा साखळी. हा पट्टा नसलेला ट्रेलर मी फुकटातही घेणार नाही.

५. वेल्डिंगवाल्याला काय सांगायचं

२५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, १८ गेजचा, भाजीच्या ट्रेलरला पुरतो. मीटरला साधारण ९०० ग्रॅम भरतो. कारागीर बहुधा जाड पाइप सुचवेल, कारण त्याचं रोजचं काम फाटकं आणि ग्रिल यांचं. त्याला समजावून सांगा की रिकाम्या ट्रेलरचा प्रत्येक किलो रोज ओढायचा आहे. माझा रिकामा ट्रेलर १३ किलोचा आहे.

चाकं लहान मुलांच्या सायकलची, २० इंची. टायर-ट्यूब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि लहान चाक आडवा ताण जास्त सोसतं. सायकल वळताना कलते, दोनचाकी ट्रेलर कलत नाही, त्यामुळे वळणावर त्याच्या आऱ्यांना बाजूनं जोर बसतो. आरे सैल असतील तर चाक तिथेच वाकतं.

सगळ्यात महत्त्वाचं: साध्या सायकलचा आस दोन्ही बाजूंनी धरलेला हवा, म्हणजे चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंना पाइप हवा. एकाच बाजूनं अडकवलेला बारीक आस खड्ड्यात गेला की वाकतो. एकाच बाजूनं बसणारी चाकं हवी असतील तर व्हीलचेअरची घ्या. त्यांचा आस अर्ध्या इंचाचा, मुळात तसाच वापरायचा असतो.

तळाला प्लाय लावलात तर पाणी जायला भोकं पाडा. मी जाळी लावली. पावसाळ्यात ती बरी पडते आणि पालेभाजीची मातीही खाली गळून जाते.

६. ब्रेक

माझं वजन ७२, सायकल १८, म्हणजे ९० किलो. भरलेला ट्रेलर ४५ किलोचा झाला की १३५. ब्रेक तेच, म्हणून त्याच वेगातून थांबायला दीडपट अंतर लागतं. याउलट वेग २५ ऐवजी १५ ठेवला तर ते अंतर एकतृतीयांशाच्या आसपास येतं. माल असताना हळू जाणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. तुमच्या हातातला सगळ्यात चांगला ब्रेक तोच आहे.

दांडी ब्रेकची काळी सायकल ओझ्याला भक्कम असते, पण पावसात ओल्या स्टीलच्या रिमवर तिचे रबर पकडत नाहीत. असली सायकल असेल तर पावसात मागे जड ट्रेलर नको. अॅल्युमिनियमची रिम आणि चांगले व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी लांब हातांनी दाबणारे) चालतील, डिस्क (चाकाच्या मधल्या चकतीला पकडणारा ब्रेक) असेल तर उत्तम. ब्रेक नेहमी वळणाआधी, सायकल सरळ असताना मारा. वळणात मारलात तर ट्रेलर मागचं चाक बाजूला ढकलतो.

चढाचं गणित सोपं आहे. शंभर मीटरला पाच मीटर चढ असेल तर ४० किलो ओझ्याचा जादा जोर फक्त दोन किलोचा पडतो, पण तो प्रत्येक पेडलला पडतो. गिअर असतील तर लहान गिअर लावून सावकाश चढा.

७. ओझं कुठे ठेवायचं

बैलगाडीवाल्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: माल मागे जास्त झाला की गाडी उलाळते, जू वर उचलतं. सायकलच्या ट्रेलरचं अगदी तसंच होतं. पहिल्या महिन्यात मी खताची दोन पोती मागच्या कडेला टेकवून ठेवली होती, पुढे नुसती रिकामी क्रेट. सपाटीवर काही जाणवलं नाही. उतार लागला आणि सीटखालून सायकल डावी-उजवीकडे डुलायला लागली, आधी हळू, मग जोरात. मागचं चाक हलकं झालेलं पायांना कळत होतं. मी पेडल थांबवली, हँडल सैल धरलं आणि दोन्ही ब्रेक थोडे-थोडे दाबत कशीबशी सायकल कडेला घेतली. पोती पुढे सरकवली आणि तोच उतार निवांत उतरलो.

म्हणून जड माल आसाच्या किंचित पुढे ठेवा. नेमकं बघायचं तर जमीन सपाट हवी. दांड्याच्या टोकाखाली, जोड असतो त्याच उंचीला येईल असा वजनकाटा डब्यावर ठेवा. एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के वजन तिथे दिसायला हवं. भरलेला ट्रेलर ४० किलोचा असेल तर २ ते ४ किलो. त्याहून कमी असेल तर माल पुढे, फार जास्त असेल तर मागे. दोन-तीनदा केलं की हातानं दांडा उचलूनच कळायला लागतं.

बांधायला जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या घ्या. त्या ताणतात, घसरत नाहीत आणि सायकलवाला आनंदानं देतो. त्यांची टोकं चाकात जाणार नाहीत अशी खोचा.

८. रस्त्यावर उतरण्याआधी

ट्रेलर बुटका असतो. बसच्या किंवा ट्रकच्या चालकाला तो दिसतच नाही, आणि त्यातल्या मालामुळे तुमच्या सायकलचा मागचा लाल दिवाही झाकला जातो. म्हणून लाल दिवा आणि रिफ्लेक्टर ट्रेलरच्याच मागे हवेत. माणसाच्या छातीइतक्या उंच काठीला नारिंगी कापड लावा. माझी काठी फायबरची आहे, कापड जुन्या पावसाळी जॅकेटचं.

पहिली फेरी रिकाम्या ट्रेलरनं, रहदारी नसलेल्या रस्त्यावर करा. दुसरी फेरी पाण्याचा एक जार घेऊन: दोन गतिरोधक, एक उतार, एक उजवं वळण, एक डावं, आणि मध्येच एकदा जोरात ब्रेक. घरी आल्यावर पाना घेऊन आसाचा नट तपासा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पट्टी बसत जाते आणि नट हमखास थोडा सैल झालेला सापडतो. तो आवळा आणि मगच पहिली क्रेट भरा.