बाबांचा आवाज जपून ठेवायचाय? मी असं केलं

बाबा गेले आणि घरात सगळ्यात आधी काय गेलं असेल तर त्यांचा आवाज. फोटो भिंतीवर असतोच हो, आवाज शोधावा लागतो.

पहिलं काम फोनचं, आणि ते लगेच करा, कारण प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही की नंबर बंद होऊ शकतो आणि व्हॉट्सॲपचं अकाउंट साधारण १२० दिवस न वापरल्यास डिलीट होतं. तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये त्यांचं चॅट उघडा, एक्स्पोर्ट चॅट करा, मीडियासकट, आणि फाइल्स दोन ठिकाणी ठेवा. माझ्याकडे ११ सेकंदांची एक व्हॉइस नोट निघाली, "पोचलीस का गं, जेवून घे", एवढंच, मागे कुकरची शिट्टी.

मग जुन्या कॅसेट. आधी वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे तोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं रेकॉर्डिंग होणार नाही. टेप सैल असेल तर पेन्सिल घालून हळूच फिरवा. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर मुळीच लावू नका, जाणकाराकडे द्या. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपच्या लाइन-इनला, म्हणजे आवाज आत घेणाऱ्या भोकाला, रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर, सेव्ह करताना वेव्ह फाइल. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात, घाई नको.

आणि एक, बोलण्याआधीचं त्यांचं खाकरणं एडिट करून काढू नका. मी काढलं होतं, परत जोडलं.