कुत्रं लंगडतंय, पण का ते सापडत नाही? चिंगीच्या पायाने मला शिकवलेली तपासणी

आमची चिंगी बदामी रंगाची, चार वर्षांची, निम्मी गावठी आणि निम्मी लॅब्रॅडॉर. वजन 22 किलो. सासवडजवळ आमची अंजिराची बाग आहे आणि बागेमागे माळ. 2022 च्या नोव्हेंबरात ती पुढच्या पायाने लंगडायला लागली आणि मार्चपर्यंत लंगडत राहिली. गोळ्या घेतल्या की बरी, थांबल्या की पुन्हा तेच. एक्स-रेमध्ये काही नाही. “लचक असेल, जाईल,” असं मला इतक्या जणांनी सांगितलं की मीही काही दिवस तेच म्हणत बसले. त्या चार महिन्यांत जे शिकले ते इथे लिहिते आहे. कुत्र्याला सांगता येत नाही, म्हणून आपल्याला नीट पाहता आलं पाहिजे.

सगळ्यात आधी पाय कोणता ते पक्कं करा. पहिल्या आठवड्यात मी डॉक्टरांना उजवा पाय दाखवत होते आणि दुखत होता डावा. चालताना चिंगीची मान उजव्या पायावर खाली जायची, म्हणून मला वाटलं तिकडेच दुखतंय. खरं उलट असतं. पुढचा दुखरा पाय जमिनीला लागताना कुत्रं मान वर उचलतं, म्हणजे त्या पायावर भार कमी पडतो. चांगला पाय टेकला की मान खाली येते. मागच्या पायासाठी पाठीमागे उभं राहून खुबे पाहायचे. दुखऱ्या बाजूचा खुबा जास्त वर-खाली होतो.

हे नुसत्या डोळ्यांनी पकडणं अवघड जातं. घरातल्या कुणाला तरी दोरी सैल धरून सपाट, कडक जमिनीवर कुत्र्याला आधी चालवायला आणि मग हलकं पळवायला सांगा. समोरून, मागून, बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. दवाखान्यात हे फार कामाला येतं, कारण तिथे घाबरलेलं कुत्रं दुखणं लपवतं. चिंगी तिथे चारही पाय टाकत ताठ चालली होती.

दुसरं काम वहीचं. मी मुलाची अर्धी कोरी वही घेतली आणि रोज चार ओळी लिहिल्या: किती फिरली, कधी लंगडली, कोणतं औषध दिलं, आणि शून्य ते चार असे गुण. शून्य म्हणजे नीट चालते, चार म्हणजे पाय टेकवतच नाही. कधी लंगडतं यावरून पुष्कळ कळतं. झोपून उठल्यावर आखडलेलं आणि दहा पावलांनी मोकळं होत असेल तर सांध्याच्या झिजेकडे बोट जातं. सकाळी ठीक आणि पळून आल्यावर वाईट, तर स्नायू किंवा अस्थिबंधनाचा, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याचा, संशय घ्यावा. पॉमेरेनियनसारखं लहान कुत्रं मागचा पाय दोन-तीन पावलं उचलून उड्या मारतं आणि पुन्हा काही झालंच नाही असं चालतं, तेव्हा बहुधा गुडघ्याची वाटी सरकत असते. बसताना गुडघा आत न घेता पाय बाजूला टाकून बसतं, तर गुडघ्यातल्या अस्थिबंधनाची तपासणी करायला सांगा.

आज हा पाय, उद्या तो, असं होत असेल तर दोन गोष्टी आठवा. पाच ते अठरा महिन्यांच्या मोठ्या जातीच्या पिल्लांमध्ये, विशेषतः जर्मन शेफर्डमध्ये, लांब हाडांच्या आतला दाह असाच पाय बदलत फिरतो. आणि कोणत्याही वयात गोचिडाचा ताप. आपल्याकडे गोचिड बारा महिने असतात, त्यामुळे ताप, मरगळ किंवा सांध्यांना सूज दिसली की रक्त तपासून प्लेटलेट पाहायलाच हव्यात. चिंगीच्या नीट होत्या, आणि तिचा पायही कधी बदलला नाही.

आता हाताने तपासणं. कुत्रं दमून निवांत पडलेलं असताना दोघांनी मिळून करा, एकाने डोकं जवळ घ्यायचं. कितीही गरीब स्वभावाचं असलं तरी दुखलं की चावू शकतं, म्हणून सुरुवात चांगल्या पायापासून करा. आपल्या कुत्र्याचं निरोगी काय ते हाताला आधी कळतं. मग दुखरा पाय खालून वर. नखं तुटली आहेत का, मुळाशी लाल आहेत का. तळव्याच्या गादीला चीर, काटा, काच आहे का. आणि प्रत्येक दोन बोटांमधलं बेचकं फाकवून, केस बाजूला करून पाहा. इथे घाई करू नका. मी घाईच केली होती. त्यानंतर एकेक सांधा, वरचं आणि खालचं हाड धरून फक्त तोच सांधा वाकेल असा हळू वाकवायचा आणि सरळ करायचा. किंकाळीची वाट पाहू नका. धापणं एकदम थांबतं, ओठ चाटतं, मान वळवून तुमच्या हाताकडे बघतं, तिथेच थांबा आणि लिहून ठेवा. शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्यांचा घेर एकाच उंचीवर मोजा. एक बारीक झाली असेल तर कुत्रं तो पाय आठवडेच्या आठवडे वाचवतंय. नखं वरच्या बाजूने घासलेली असतील तर पाय ओढला जातोय, दुखणं नसेचं किंवा मणक्याचं असू शकतं.

पाय अजिबात टेकत नसेल किंवा लोंबत असेल, दोन्ही मागचे पाय लुळे पडत असतील, किंवा वयस्क मोठ्या कुत्र्याच्या मनगटाच्या वर, खांद्याजवळ वा गुडघ्याजवळ हाडावर टणक सूज असेल, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ती सूज हाडाचा कर्करोग असू शकते.

आणि घरातली गोळी देऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याचं यकृत, पोट, मूत्रपिंड उद्ध्वस्त करू शकतात. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळीसुद्धा तपासणीच्या दिवशी द्यायची की नाही ते आधी विचारा. दुखणं दबलं तर त्यांच्या हाताला काही सापडत नाही.

एक्स-रे “नॉर्मल” आला म्हणून शोध संपत नाही. एक्स-रेत हाड दिसतं. अस्थिबंधन दिसत नाही, गवताची काडीही दिसत नाही. दोन बाजूंनी काढला का, दुसऱ्या पायाशी ताडून पाहिला का, भूल देऊन सांधा तपासता येईल का, हे नम्रपणे विचारा. तरीही कळलं नाही तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. मुंबईत परळला आहे, नागपुरात आहे, आम्हाला शिरवळचं जवळ.

शिरवळला डॉक्टरांनी चिंगीच्या आधी वही वाचली. त्यात तीनदा तेच लिहिलं होतं: प्रतिजैविकाचा कोर्स सुरू, गुण एकवर, कोर्स संपला, आठ-दहा दिवसांत पुन्हा तीन. नुसत्या वेदनाशामक गोळीने लंगडणं कमी व्हायचं, पण रात्री पंजा चाटणं थांबायचं नाही. बेचक्यातले बदामी केस लाळेने तांबूस झाले होते आणि तो मला मातीचा रंग वाटला होता. “लचक प्रतिजैविकाने बरी होत नाही,” डॉक्टर म्हणाले. “आत काहीतरी आहे.”

केस भादरल्यावर मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसलं. सोनोग्राफीत त्याच्या बरंच वर, मनगटाजवळ, पाण्याच्या कप्प्यात एक बारीक चकाकती रेघ होती. भूल देऊन उघडलं, तर निघालं कुसळ. आमच्या माळावरच्या कुसळी गवताचं, शेपूट तुटलेलं, सेंटीमीटरभरही नाही. त्याच्या टोकाशी उलटे ताठ केस असतात, त्यामुळे ते पुढे सरकतं, मागे येत नाही. शेपूट ओलं झालं की त्याचा पीळ उलगडतो, सुकलं की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्याने टोक आत रेटलं जातं, आणि मग चालताना प्रत्येक पावलाला ते थोडं वर चढत जातं. चार महिने ते तिच्या पायात चालत होतं.

जखम वाहती राहावी म्हणून पूर्ण शिवली नाही. चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर आणि रोज दोनदा धुणं. तीन आठवड्यांनी वहीत शून्य लागलं ते लागलंच.

आता दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मी तिच्या बोटांमधले केस कापून बारीक ठेवते आणि माळावरून आल्यावर सोळाच्या सोळा बोटं चाचपते. कान आणि बगलाही. कुसळ बाहेर दिसत असेल तर चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढायचं. अर्धं आत तुटलं तर कोरत बसायचं नाही. जागेचा फोटो काढायचा, तारीख लिहायची आणि त्याच दिवशी दवाखाना.