सेमीचा वर्ग पहिल्यांदाच हातात आलाय? टॉवेलचा एक आठवडा घेऊन बघा

टीईटी आणि टेट या परीक्षा, शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, नेमणुकीचं समुपदेशन एवढं सगळं पार करून तुम्ही वर्गात पोचला आहात, तेव्हा बालमानसशास्त्र मी नव्याने सांगत बसत नाही. शिक्षण सेवकाच्या १६ हजार मानधनात सोलापुरात खोलीभाडं, डबा आणि गाडीचं पेट्रोल कसं बसवायचं, तेही तुमचं तुम्हीच बघा. मला सांगायचंय ते सेमीच्या, म्हणजे मराठी शाळेत गणित इंग्रजीतून शिकवायच्या वर्गाबद्दल. हा वर्ग मिळाला की बहुतेकांना स्वतःच्या इंग्रजीची धास्ती वाटते. ती सोडून द्या. तिसरीच्या गणिताला लागणारं इंग्रजी दोन पानांत मावतं. गोची पुढे आहे, आणि प्रशिक्षणात तिच्याबद्दल मला तरी कुणी चकार शब्द सांगितला नव्हता.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत एकाच बाकावर दोन-तीन घरांच्या भाषा बसतात. पद्मशाली घरातलं पोर घरी तेलुगू बोलतं, शेजारचं अक्कलकोटकडून आलेलं कन्नड. गल्लीत खेळताना दोघांची हिंदी, परिपाठाला उभं राहिलं की मराठी. त्यावर आपण गणिताला इंग्रजी ठेवतो. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्यावरून राज्यभर रान उठलं, जूनअखेर त्याचे शासन निर्णय रद्दही झाले. आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा चेष्टा चालायची, की आपल्या पोरांची तिसरी भाषा मोजायला सुरुवात कुठून करायची.

आठवडाभर एकच विषय सगळ्या तासांना फिरवायचा ही कल्पना काही माझी नाही. बालभारतीने पहिलीसाठी काढलेली चार भागांची एकात्मिक द्विभाषिक पुस्तकं त्याच वाटेने गेली होती. फक्त विषय शोधायला लांब जाऊ नका. डायनोसॉरची तयार वर्कशीटं इंटरनेटवर ढिगाने मिळतात, दिसतातही छान, पण पोरांनी त्यावर बोलायचं काय? सोलापुरात टॉवेल आहे. आमच्या वर्गात निम्म्या पोरांचं कुणी ना कुणी मागावर, शिलाईला नाहीतर पॅकिंगला जातं. सोमवारी प्रत्येकाने घरून एक जुना टॉवेल आणायचा. नवा मागवू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी आई दारात उभी. ज्यांच्याकडे नसेल त्यांच्यासाठी कारखान्यातून कटपीस आणून ठेवा. ओळखीच्या पालकाला सांगितलं की पिशवीभर मिळतात.

सोमवारचा मराठीचा तास बोलण्यातच जातो आणि तो जाऊ द्या. ताणा, बाणा, धोटा, कांडी, जेकार्ड हे विणकामाचे शब्द पोरांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. एरवी गणिताच्या तासाला मान खाली घालून बसणारा मुलगा फळ्यापाशी येऊन मागाचा आवाज काढून दाखवतो. त्या तासाला टाचणवही, म्हणजे पाठाची तयारी लिहायची वही, बंद ठेवा.

आता ती गोची. मंगळवारी गणिताला मोजमाप घेता. तुम्ही म्हणता, ‘विच टॉवेल इज लाँगर?’ वर्ग गप्प. तुमच्या पोटात कालवतं आणि लगेच तोंडातून येतं, ‘म्हणजे कुठला टॉवेल जास्त लांब आहे?’ दहा हात वर. तुम्हाला बरं वाटतं. पुढचं वाक्य इंग्रजी, लगेच मराठी. त्याच्या पुढचंही तसंच. आठवड्याभरात पोरांना हिशेब कळतो: मॅडमच्या प्रत्येक इंग्रजी वाक्यामागून मराठी येणारच आहे. मग इंग्रजी वाक्याचा वेळ पेन्सिलीला टोक करायचा, शेजाऱ्याचा खोडरबर पळवायचा. कान उघडतात ते मराठीला. तुम्ही तासभर दोन भाषा बोललात, पोरांनी एकच ऐकली, आणि निम्मा तास त्यातच गेला. वर तुम्हाला वाटत राहतं की वर्गाला इंग्रजी कळतंय, कारण उत्तरं येतायत. मी यात बरेच महिने होते. घटक चाचणीत मराठीतून विचारलेलं सगळ्यांना यायचं, तेच उदाहरण इंग्रजीत छापलं की कागद कोरा. आधी वाटलं पोरंच कच्ची आहेत.

यावर उपाय म्हणजे भाषांना वेळ वाटून द्यायची. पहिली सात-आठ मिनिटं मराठीत: आज काय मोजायचं, का मोजायचं, कुठे चुकू शकतं. तेलुगूत कुणी बोललं तर बोलू द्या. मग फळ्यावर दोनच इंग्रजी वाक्यं लिहा, ‘धिस टॉवेल इज लाँगर दॅन दॅट टॉवेल’ आणि ‘इट इज अमुक सेंटिमीटर लाँग’, आणि पुढची वीस मिनिटं इंग्रजीतच काम. अडलं तर मराठी करायची नाही. टॉवेल हातात धरा, दोन्ही शेजारी पसरा, बोट फिरवा, तेच वाक्य पुन्हा म्हणा. शेवटची पाच मिनिटं परत मराठीत उजळणी. पहिल्या आठवड्यात वर्ग भयाण शांत असतो. घाबरू नका, ती शांतता खरंच ऐकण्याची असते. पण याच आठवड्यात बहुतेक जण कच खातात आणि परत वाक्याला वाक्य भाषांतर सुरू करतात. तुम्हीही कराल. एखादा दिवस चालतं, रोज केलंत तर वर्ष गेलं समजा.

दुसरी एक गंमत तुम्हाला टॉवेलच्या लेबलवर सापडेल. घरी सगळे ‘तीस बाय साठ’ म्हणतात, ते इंच. लेबलवर ७५ बाय १५० सेंटिमीटर. पट्टी लावून नीट मोजलेलं असतं, पण तुम्ही ‘पंचाहत्तर’ म्हणालात की काही वह्यांत ५७ उतरतं. पोर मठ्ठ नसतं. मराठीत एकक आधी कानावर पडतो, ‘पंच’ ऐकलं की हात पाच लिहून मोकळा. इंग्रजीत सेव्हन्टी आधी, फाइव्ह नंतर. आणि तेलुगूत, कन्नडमध्येही दशक आधीच येतो. म्हणजे ज्या पोराला आपण ‘मराठी कच्चं’ म्हणून मागे बसवतो, त्याला सेव्हन्टी-फाइव्ह ऐकून बरोबर लिहिता येतं. २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘त्रेसष्ट’ऐवजी ‘साठ तीन’च्या धर्तीवर संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधिमंडळापर्यंत गेला. तुमचं मत काहीही असो, मागे बसलेल्या त्या मुलीच्या वहीत ५७ का आलंय हे आधी बघा. मी आता संख्या बोलून लिहायला देताना एका दिवशी एकाच भाषेत देते. मिसळ नंतर.

बुधवारी परिसर अभ्यासात प्रयोग, आणि तो पूर्ण मराठीत. एकाच मापाचे चार तुकडे घ्या: जुना टॉवेल, नवा टॉवेल, चादर, पॉलिएस्टरची साडी. प्रत्येक तुकडा पाण्यात बुडवायचा, वीस आकडे मोजायचे, वर काढून निथळू द्यायचा, मग पिळून पाणी औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मोजायचं. झाकणावर मिलिलिटरच्या खुणा असतात, वेगळं सामान लागत नाही. सगळा वर्ग नव्या टॉवेलवर पैज लावतो. मग नव्या कोऱ्या टॉवेलवर एक थेंब टाका. तो मोत्यासारखा वरच बसून राहतो, तुकडा तिरका केला तर घरंगळतो. जुन्यावर टाकला की गेला आत. एकजण ओरडलाच, “मॅडम, नवा पाणी पित नाही की ओ!” कारखान्यात मऊपणासाठी शेवटी जी प्रक्रिया करतात तिचा थर सुतावर असतो, दोन-चार धुण्यांत तो निघून जातो. हे मी सांगायच्या आधी एका मुलीने सांगितलं, तिची आई फिनिशिंगला आहे. टेरीला, म्हणजे टॉवेलच्या कापडाला, दोन्ही बाजूंनी सुताची छोटी वेटोळी असतात म्हणून पाण्याला जागा जास्त मिळते, हे मात्र भिंग देऊन दाखवावं लागलं. गुरुवारी याच आकड्यांचा तक्ता गणितात, इंग्रजीतून. आदल्या दिवशी पोरांनी स्वतः पाणी पिळलेलं असतं, त्यामुळे ‘मोअर दॅन’, ‘लेस दॅन’ समजावायची वेळच येत नाही.

मार्गदर्शकांबद्दल थोडं. ‘फक्त इंग्रजीच बोला, आपोआप येतं’ म्हणणारे आणि ‘कशाला एवढं, मराठीतच सांगून टाका’ म्हणणारे, दोघांनाही नमस्कार करून पुढे जा. शेजारच्या वर्गावर जुन्या बाई असतील, त्यातून तेलुगू-कन्नड येणाऱ्या असतील, तर रिकाम्या तासाला त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसा. ग्रुपवर फिरणारी टाचणाची पीडीएफ उतरवून काढू नका. मी एकदा असं टाचण पाहिलंय ज्यात आधीच्या शाळेचं नावसुद्धा तसंच राहिलं होतं. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. लोकांच्या लक्षात त्यांचे पुस्तकांतले क्यूआर कोड राहिले, आणि जो तो कोड चिकटवायला लागला. पुस्तकं मुलांच्या घरच्या भाषेत आणण्याचं त्यांचं काम मात्र कुणी फारसं उचललं नाही, कारण त्याला मेहनत लागते.

शुक्रवारी चित्रकलेला चादरीची नक्षी चौकटीच्या कागदावर काढून घ्या, सममितीही त्यात उरकते. शनिवारी सकाळची शाळा, आनंददायी शनिवार, त्यात वर्गाचं छोटं दुकान मांडा. गिऱ्हाईक इंग्रजीत, दुकानदार मराठीत. गोंधळ होतो, होऊ द्या.

नोंदींचं एकच सांगते. वर्णनात्मक नोंदीत ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ हे तेच ते लिहू नका. पोराने म्हटलेलं एखादं वाक्य जसंच्या तसं लिहा, मोडकं असलं तरी. शाळा बघायला आलेल्या केंद्रप्रमुखांनी विचारलं की हा तास नेमका कुठल्या विषयाचा, तर वही उघडून अध्ययन निष्पत्तीचा (मुलांना काय यायला हवं त्या यादीतला) क्रमांक दाखवा. तेवढं बहुतेक वेळा पुरतं.

आणि हा आठवडा जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला लागून घेऊ नका, निम्मा वर्ग होम मैदानावर असतो. पावसाळ्यातही नको. टॉवेल वाळत नाहीत, दुसऱ्या दिवशी वर्गभर कुबट वास सुटतो आणि मुख्याध्यापकांचा राउंड नेमका तेव्हाच असतो.